दत्ता, तुझं रागावणं बरोबर होतं

कोल्हापूर,
१४ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

साताऱ्याहून परतून तीन आठवडे झाले, पण त्या रात्री जेवणाच्या पानावर तू जो गप्प झालास तो अजून डोक्यातून जात नाही. १९६२च्या चीन युद्धातल्या जनरल कौलांचा विषय निघाला आणि मी बोलून गेलो, "रसदवाला माणूस, त्याला लढाईतलं काय कळणार?" वहिनी आमटी वाढत होत्या, त्यांचा हातसुद्धा थबकला. अठ्ठावीस वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या रसदखात्यातच काढलेल्या माणसाच्या ताटाशी बसून मी हे बोललो. एस.टी.त बसल्यावर लाज वाटली. फोनवर माफी मागता आली असती, पण तू "सोड रे" म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून लिहितोय.

घरी आल्यावर बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं उठलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक म्हणून बाबांनी एकतीस वर्षं काढली, हे तुला माहीतच आहे. कानावर पेन्सिल खोचूनच ते घरी यायचे, आणि चहा पिताना छापून आलेला अंकही तपासत बसायचे. आई म्हणायची, अहो आता काय उपयोग! पेटीत ६१-६२ची कात्रणं आहेत, त्या सगळ्यांवर त्यांच्या खुणा आहेत. चुकीच्या वेलांटीवर नाहीत, विशेषणांवर. 'धडाडीचे' या शब्दावर डिलीटची ती वळणदार खूण. 'सूत्रांकडून कळते' भोवती गोल आणि समासात प्रश्नचिन्ह. पुढे मी चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या, त्यात प्रत्येक जण चिरंजीव आणि प्रत्येक घराणं प्रतिष्ठित. त्यामुळे विशेषणाची किंमत मला बाबांइतकीच ठाऊक आहे.

पेटी दोन दिवस वाचली. तुझ्यापुढे मी जे बोललो ते माझं नव्हतंच रे. ते या कात्रणांतून, बाबांच्या मित्रांच्या गप्पांतून माझ्या कानात साठ वर्षांपूर्वी पडलेलं. कौलांविषयी वर्तमानपत्रांनी घेतलेल्या शंकांतली सगळ्यात स्वस्त शंका मी उचलली, आणि महागाच्या तशाच पडून राहिल्या.

ब्रिजमोहन कौल काश्मिरी पंडित, नेहरूंचे लांबचे नातलग. सँडहर्स्टला शिकले, १९३३ साली कमिशन मिळालं. आधी राजपुताना रायफल्स, मग तुझं खातं. महायुद्धात पायदळाची पलटण घेऊन लढायची वेळ त्यांच्यावर आली नाही. पुढे ब्रिगेड मिळाली, मग अंबाल्याला चौथी डिव्हिजन. तिथे त्यांनी जवानांच्याच हातून जवानांसाठी घरांची अख्खी वसाहत काही महिन्यांत उभी केली आणि नेहरू खूश झाले. काम करून घेण्याची हातोटी होती, हे त्यांचे वैरीही मान्य करत. १९५९ला लेफ्टनंट जनरल होऊन दिल्लीत क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे लष्कराच्या पुरवठ्याचे प्रमुख झाले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस लष्करप्रमुख थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेननांशी बिनसल्यावर राजीनामा दिला. 'स्टेट्समन'ने बातमी फोडली, नेहरूंनी समजूत घालून राजीनामा मागे घ्यायला लावला. बढत्यांत मंत्र्यांनी लुडबुड करायची की नाही, हे त्यातलं एक दुखणं होतं. तेव्हापासून कौलांच्या नावापुढे 'वशिल्याचं तट्टू' चिकटलं ते कायमचं.

मुंबईत तर त्या वेळी दोन इंग्रजी साप्ताहिकांचा आखाडाच होता. एकीकडे करकांचं 'करंट', मेननांना पाण्यात पाहणारं. दुसरीकडे करंजियांचं 'ब्लिट्झ', मेननांना डोक्यावर घेणारं. बाबांच्या कचेरीत दोन्ही यायची आणि शिळी झाली की बाबा घरी आणायचे. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत मेननांवर आरोप केले, की लष्करात गटबाजी माजवली, सैन्याचं मनोधैर्य खचवलं. पुढच्याच वर्षी तेच कृपलानी उत्तर मुंबईत मेननांविरुद्ध उभे राहिले. 'चिनी हमला होते है, मेननसाब सोते है' ही घोषणा त्याच निवडणुकीतली. मेनन लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. मधे डिसेंबरात गोवा मोकळा झाला होता. मोहीम सदर्न कमांडच्या चौधरींची, पण तोवर चीफ ऑफ जनरल स्टाफ, म्हणजे मुख्यालयात लढाईच्या आखणीचे प्रमुख झालेले कौलही तिथे हजर. मग काय, गोवा मतांसाठी घेतला असंही छापून आलं. साडेचारशे वर्षांचं पारतंत्र्य संपल्याची बातमीसुद्धा लोकांना साधी वाचता आली नाही.

बाबांच्या खुणा बघता बघता ध्यानात आलं, की कौलांबद्दलची शंका ही कौलांबद्दलची नव्हतीच. ती मेननांकडे फेकायची धोंड होती. 'करंट'वाल्यांना कौल नालायक हवे होते, 'ब्लिट्झ'वाल्यांना कर्तबगार. ज्या लष्करी अधिकाऱ्यांची बढती हुकली त्यांच्या कागाळ्या एका दाराने वार्ताहरांकडे जात, आणि कौलांना स्वतःला पत्रकारांशी बोलायला आवडायचं, ते दुसऱ्या दाराने. खुद्द बातमीदाराने जाऊन पाहिलंय असं कात्रण बाबांच्या पेटीत मला एकही सापडलं नाही. सगळं 'कळते', 'समजते', 'बोलले जाते'.

आता ऑक्टोबर ६२. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, थागला डोंगराच्या पायथ्याशी नामका चू नदीकाठी चिनी येऊन बसले होते. तिथल्या ३३ कोअरचे, म्हणजे त्या भागातल्या सैन्याचे प्रमुख जनरल उमरावसिंग सांगत होते, की इतक्या थोड्या दिवसांत, एवढ्या तुटपुंज्या शिध्यावर आणि दारूगोळ्यावर ही कारवाई होणार नाही. त्यांना दिल्लीने बदललं नाही. त्यांच्या हातून नेफा काढून घेतलं, नवी ४ कोअर काढली आणि ४ ऑक्टोबरला ती कौलांना दिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, की चिन्यांना हुसकावून लावायला खास दल उभारलंय आणि कौल त्याचे सेनापती. दत्ता, ते 'खास दल' म्हणजे तेजपूरचं एक हेडक्वार्टर. जवान तेच, उमरावसिंगांनी ज्यांच्याबद्दल नकार दिला होता तेच, सुती गणवेशातले. या कात्रणावर बाबांनी 'खास'भोवती दोनदा गोल केलाय. पेन्सिलीचं टोक इतकं दाबलंय की कागद फाटलाय.

बघ ना गंमत. तीन वर्षं ज्याला वशिल्याचा म्हणून झोडलं, त्यालाच एका रात्रीत हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. संशय कुठे गेला? नेमका तेव्हाच हवा होता. नातं कोणाचं, खातं कोणतं हे बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारायच्या होत्या: आधीचा जनरल का हलवला, आणि नव्याला नवं काय दिलं?

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. कौल स्वतः नदीपर्यंत गेले, हे कोणी सांगत नाही. दिल्लीची सवय असलेला पन्नाशीचा माणूस एकदम दहा-तेरा हजार फुटांवर. काही चढ हमालाच्या पाठीवर बसून चढावा लागला, त्यावरून पुढे अख्ख्या देशाने त्यांची टिंगल केली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. दिसतं ते हे, की त्याच वाटेने पाठीवर बोजा घेऊन आलेले जवान त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि तरी कारवाईची १० ऑक्टोबरची मुदत धरून ठेवली. त्याच दिवशी नदीपलीकडे सेंगजोंगला आपल्या जवानांवर चिनी तुटून पडले. ते बघून कौल दिल्लीला सांगायला धावले, पण ब्रिगेड तिथेच नदीकाठी राहिली. १२ तारखेला नेहरू विमानतळावर पत्रकारांना म्हणाले, की आपला प्रदेश मोकळा करायला सांगितलंय. ते ठळक टायपात छापलं गेलं. १८ला कौल आजारी पडून दिल्लीत, घरी पलंगावरून कोअर चालवतायत, आणि २० तारखेच्या पहाटे नामका चूवरची ब्रिगेड संपली. तिचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी कैद झाले.

त्यानंतर जे झालं त्याचा मला जास्त राग येतो. नोव्हेंबरात नेफातलं सेला गेलं, बोमदिला गेलं, आणि दोष द्यायला सगळ्या देशाला एकच माणूस सापडला. कौल पकडले गेल्याची आवई दिल्लीत उठली तेव्हा राष्ट्रपती राधाकृष्णन म्हणाले म्हणे, की दुर्दैवाने ते खरं नाही. हा किस्सा आपण किती चवीने सांगतो! पण चिनी प्रतिकार करणार नाहीत असं गृहीत धरून पुढे पुढे चौक्या टाकायचं धोरण नोव्हेंबर ६१ मध्ये दिल्लीत ठरलं, त्या बैठकीत कौल होते, पण एकटे नव्हते. गुप्तवार्ता खातं होतं, मंत्री होते, खुद्द पंतप्रधान होते. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी करून १९६३ साली अहवाल दिला, तो सरकारने आजतागायत उघडा केला नाही. २०१४ मध्ये मॅक्सवेल नावाच्या जुन्या पत्रकाराने त्यातला काही भाग बाहेर काढला तेवढाच. बळीचा बकरा मिळाला की कपाटाला कुलूप लावणं सोपं जातं. कौलांनी १९६७ला आपली बाजू मांडणारं जाड पुस्तक लिहिलं, त्यात ते स्वतः सोडून बाकी सगळे चुकलेले आहेत. १९७२ला गेले बिचारे.

एक अमेरिकन पत्रकार होता, वेल्स हँगन. नेहरूंनंतर कोण, या प्रश्नावर त्याचं पुस्तक १९६३ला आलं. आठ नावं होती, त्यात आपले यशवंतराव, स. का. पाटील, आणि कौलसुद्धा! लिहायला घेतलं तेव्हा कौलांचं नाव शोभत होतं. हातात पडेपर्यंत त्यांचं नाव घ्यायला कोणी तयार नव्हतं. हँगन पुढे १९७०ला कंबोडियात बातमीसाठी गेला आणि मारला गेला. जाऊन बघणाऱ्यांपैकी होता निदान.

आता आपल्या घरचं. तुला आठवतं, चौथीत असताना गुरुजी सांगायचे की जनरल थोरातांना लष्करप्रमुख केलं असतं तर ६२ घडलंच नसतं? कोल्हापूरचा माणूस म्हणून आपली छाती फुगायची. थोरातसाहेब मोठेच. महायुद्धात ब्रह्मदेशातली कंगॉची लढाई लढलेले, आणि १९५९च्या ऑक्टोबरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी लखनौहून कळवलं होतं की नेफा असं सांभाळता येणार नाही, थोडं मागे पक्की फळी धरा. मेननांनी ते घाबरटपणाचं ठरवलं. थिमय्यांनी शिफारस थोरातांचीच केली होती, पण मे ६१ मध्ये लष्करप्रमुख थापर झाले. हे सगळं खरं. पण थापर थोरातांना सेवाज्येष्ठ होते, हे गुरुजींनी कधी सांगितलं का? कौलांच्या वेळी ज्येष्ठता डावलली म्हणून आपण बोंब मारतो, आणि आपल्या माणसाच्या वेळी ज्येष्ठता पाळली म्हणून. मला हे सत्तराव्या वर्षी कळतंय.

पेटीच्या तळाशी शेवटचं कात्रण मराठी आहे. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला निघाले तेव्हाचं, हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, ते. त्या दिवसांत आईने हातातली एक बांगडी संरक्षण निधीला दिली होती, मला ती रांग आठवते. बाबांना यशवंतरावांचा अभिमान होता, फोटो होता घरात. तरी 'धावला'पाशी समासात पेन्सिलीचं छोटं प्रश्नचिन्ह आहे. आईला दिसू नये म्हणून असेल, फार फिकट काढलंय.

कात्रणांच्या झेरॉक्स सोबत पाठवतोय. तुझ्याकडून मात्र एक हवंय. दळवींच्या ब्रिगेडला सामान विमानातून नदीजवळच्या त्सांगधरला टाकायचे. अर्धंअधिक दरीत जायचं, पॅराशूट उघडायची नाहीत, जे हाती लागायचं ते गोळा करायलाच माणसं कमी पडायची. तू लेहला असताना हेच काम केलंस. मला सांग, एका ब्रिगेडला त्या उंचीवर दिवसाला किती टन लागतं, आणि त्या पाच-सहा दिवसांत ते पोचणं शक्य होतं का? म्हणजे तिथे खरा रसदवाला विचारायला कोणी होता का, की त्यालाही कोणी विचारलं नाही? हे साठ वर्षांत मला कोणी सांगितलेलं नाही आणि तू समोर बसलेला असताना मी विचारलं नाही.

गणपतीत येतोस ना? काकवी काढून ठेवलीय. वहिनींना नमस्कार, आणि त्या आमटीबद्दल माफी वेगळी.

तुझा,
सुधीर