गुंतवणुकीचा फ्लॅट: आधी भाड्याचा हिशेब, मग सोसायटीचे दफ्तर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मालमत्ताविषयक पुरवणीत मेट्रोच्या नव्या स्थानकांलगत घरांचे दर किती वाढतील, याचे अंदाज नेमाने प्रसिद्ध होतात. मात्र निवृत्तीची पुंजी दुसऱ्या सदनिकेत घालायला निघालेल्या वाचकाला ते घर आज हाती काय देईल आणि त्याची कागदपत्रे कितपत धड आहेत, हे ठरवायला या अंदाजांचा फारसा उपयोग होत नाही. बोरिवलीतील एका गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद सांभाळताना जे खरेदीदार पाहिले, त्यावरून काही गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. उदाहरणादाखल १ कोटी रुपयांची सदनिका धरू. मेट्रो उपकरासह ६ टक्के मुद्रांक शुल्क (खरेदी केवळ महिलेच्या नावे असेल तर १ टक्का सवलत), नोंदणीचे ३० हजार, दलाली आणि किरकोळ डागडुजी मिळून गुंतवणूक सहज १ कोटी ८ लाखांवर जाते. महिना २८ हजार भाडे येईल आणि वर्षातला एक महिना घर रिकामे राहील असे मानले, तर हाती ३ लाख ८ हजार येतात. त्यातून देखभाल खर्चाचे ६० हजार, बिनभोगवटा शुल्काचे (घर भाड्याने दिल्यास संस्था मालकाकडून घेते ते) साडेतीन हजार, एजंटला एक महिन्याचे भाडे आणि रंगरंगोटी व नळदुरुस्तीचे पंधरा हजार वजा केले की उरतात जेमतेम २ लाख, म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी. गृहकर्जाचे व्याज याच्या चौपट असते. उरलेला सगळा फायदा पुढे भाव वाढेल या भरवशावर असतो, आणि तो भरवसा आपण किती पैसे मोजून विकत घेत आहोत, हे निदान कागदावर मांडून पाहावे. भाड्याचा आकडा मात्र घर विकणाऱ्या एजंटकडून घेऊ नये. त्याच इमारतीत भाड्याने घर हवे आहे असे सांगून दुसऱ्या दोन-तीन एजंटांना विचारावे. खरा आकडा तिथे कळतो.

किमतीचेही तेच. जाहिरातीतले दर ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात झालेले व्यवहार नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘इंडेक्स टू’ या नोंदणीच्या उताऱ्यात पाहायला मिळतात, त्याच इमारतीतील अलीकडचे व्यवहार काढून रकमेला कार्पेट क्षेत्रफळाने (घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेने) भागावे, कारण पुनर्विक्रीत आजही सर्रास भिंतींसह मोजलेल्या, म्हणजे ‘बिल्ट-अप’ जागेचे मोठे आकडे सांगितले जातात. (जुन्या व्यवहारांत रोखीचा हिस्सा कागदावर येत नसे, हे ध्यानात ठेवलेले बरे.)

दफ्तर तपासण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. येणारे खरेदीदार वास्तू, पार्किंग आणि पाण्याची वेळ विचारतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, ‘ओसी’) आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकी हस्तांतर, ‘कन्व्हेयन्स’) संस्थेच्या नावे झाले आहे का, मालमत्ता पत्रकावर (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) अजून विकासकाचेच नाव आहे का, असे विचारणारा विरळा. मूळ विकासकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, शेअर सर्टिफिकेटवरील हस्तांतरणाच्या नोंदी, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि इमारत ३० वर्षांवरील असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल, एवढे मागून घ्यावे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते. परक्याला ती दाखवणे संस्थेवर बंधनकारक नसले, तरी सहकार कायद्याच्या कलम ३२ अन्वये सभासदाला तो हक्क आहे. म्हणून विक्रेत्याला सोबत घेऊनच संस्थेच्या कार्यालयात जावे. आमच्याकडे असाच एक खरेदीदार विक्रेत्यासह आला, शांतपणे इतिवृत्तांची वही चाळत बसला आणि दोन्ही लिफ्ट बदलून गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्यासाठी प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी ठरल्याचा ठराव त्याला सापडला. विक्रेत्याने त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. वर्गणीची पूर्ण रक्कम किमतीतून कमी करून घेऊनच त्याने सौदा केला.

‘बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार’ या एका वाक्यावर लाखो रुपये जास्त मागितले जातात. त्यावर सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालील पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशेष सर्वसाधारण सभेत विकासकाची निवड झाली आहे का, विकास करारनामा नोंदणीकृत आहे का आणि विकासकाने दिलेली बँक हमी किती रकमेची आहे, एवढेच विचारावे. बहुतेक ठिकाणी गाडी सभेतल्या चर्चेपुढे गेलेली नसते. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळाच्या फनेल झोनमुळे (विमानांच्या चढ-उताराच्या मार्गाखालील पट्ट्यामुळे) इमारतीच्या उंचीवरच मर्यादा येते, त्यामुळे चटईक्षेत्र (बांधकामाची परवानगी असलेले क्षेत्र, ‘एफएसआय’) कागदावर मिळूनही वर चढवता येत नाही. शिवाय काम सुरू झाल्यावर भाडेकरू जातो आणि मालकाचे उत्पन्न विकासक देईल त्या भाड्यावर अवलंबून राहते. ते थकले तर विचारणार कोणाला?

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाबाबत थोडक्यात लिहितो. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख शेजारी ठेवून पाहावी, प्रलंबित दावे वाचावेत आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. तशी ती घेण्यास २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यानेच मनाई आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही, बांधकामाधीन घरावर तो सर्वसाधारणपणे ५ टक्के लागतो. तुलना करताना हा फरक बहुतेक जण विसरतात.

आपल्या पुरवणीस विनंती एवढीच की, विभागवार दरांचा तक्ता छापताना तो कार्पेट क्षेत्रफळावर द्यावा आणि त्याच विभागातील चालू भाड्याचा एक रकाना त्यात वाढवावा.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव,
बोरिवली (पूर्व), मुंबई