लाज कोणी वाटून घ्यायची?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला क्रीडापटांवरचा लेख वाचला. यादी चांगली होती. फक्त 1977 च्या ‘स्लॅप शॉट’ या आइस हॉकीवरच्या अमेरिकी चित्रपटाला लेखकाने ‘निर्लज्ज धिंगाणा’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे, त्याबद्दल चार शब्द.

कॉलेजात असताना व्हिडिओ कॅसेटवर पाहिला तेव्हा मलाही तो चित्रपट सहन झाला नव्हता. ‘द स्टिंग’ करणारी दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल आणि पॉल न्यूमन ही जोडी, म्हणून मोठ्या हौसेने कॅसेट आणली, तर समोर जाड भिंगांचे चष्मे लावलेले तीन भाऊ बर्फावर दिसेल त्याला बडवत सुटलेले. उठता-बसता शिव्या. परवा तो पुन्हा पाहिला. शिव्या होत्या तेवढ्याच आहेत, पण या वेळी अगदी सुरुवातीचा प्रसंग डोक्यात बसला. टीव्हीवरच्या मुलाखतीत संघाचा फ्रेंच भाषक गोलरक्षक मोडक्यातोडक्या इंग्रजीत आइस हॉकीचे नियम समजावतो: दांडगाई केली की शिक्षेच्या पेटीत जाऊन दोन मिनिटे एकट्याने बसायचे, लाज वाटून घ्यायची, मग सुटका. तेव्हा हे मी नुसते हसून सोडून दिले होते. खरे तर पुढचे दोन तास याच प्रश्नावर बेतलेले आहेत. लाज वाटून घ्यायची ती नेमकी कोणी?

पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या गावी चित्रीकरण झाले. पडद्यावर गावाचे नाव चार्ल्सटाउन. गावातला कारखाना बंद होणार, दहा हजार कामगार घरी बसणार, आणि त्यांच्याच तिकिटांवर जगणारा हॉकी संघही गुंडाळला जाणार. उतारवयाला लागलेला खेळाडू-प्रशिक्षक रेगी (न्यूमन) काय करतो? फ्लोरिडात कोणी संघ विकत घ्यायला तयार आहे, अशी थाप एका पत्रकाराच्या गळी उतरवतो आणि खेळाडूंना मारामारीला सोडतो. प्रेक्षक लोटतात. यात अतिशयोक्ती फारशी नाही. 1974 आणि 1975 मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने स्टॅन्ली कप हा आइस हॉकीतला मानाचा चषक जिंकला तो धसमुसळ्या खेळासाठी बदनाम होऊनच.

मग रेगी मालकिणीला भेटतो. ती शांतपणे सांगते की संघ विकता येईल, पण तोट्यात दाखवून बंद केला तर करात जास्त फायदा आहे. परळ-लालबागमध्ये 1982 चा गिरणी संप आणि त्यानंतर त्या जमिनींचे काय झाले ते पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. चालवण्यापेक्षा बंद करण्यात ज्याचा नफा, तो लाजत नाही. सगळ्या चित्रपटात आवाज न चढवता बोलली गेलेली एवढीच एक गोष्ट असेल, आणि सर्वात घाणेरडी तीच आहे. त्यावर रेगी तिच्या मुलाविषयी जे गरळ ओकतो ते मात्र मला तेव्हाही खटकले आणि आजही खटकते. समलिंगी माणसांवरचे ते शेरे ‘काळच तसा होता’ म्हणून माफ करावेत, असे मला वाटत नाही.

हे सगळे लिहिले एका बाईने, नॅन्सी डाउड यांनी. त्यांचा भाऊ नेड जॉन्सटाउन जेट्स या तिथल्या खऱ्या हॉकी संघाकडून खेळत होता. ड्रेसिंग रूममधल्या आणि बसमधल्या गप्पा त्याने त्यांच्यासाठी टेप केल्या. म्हणजे त्या शिव्या लेखिकेने बसून रचलेल्या नाहीत, ऐकलेल्या आहेत. ज्याच्या नावाने सगळी लीग कापते त्या गुंड खेळाडूच्या भूमिकेत शेवटी नेडच अवतरतो. चष्मेवाले हॅन्सन बंधूही जेट्सचेच खेळाडू. त्यातले दोघे खरोखर सख्खे भाऊ, कार्लसन आडनावाचे. तिसऱ्या कार्लसन भावाला एडमंटनच्या संघाने बोलावून घेतले, म्हणून त्याच्या जागी डेव्ह हॅन्सन आला.

शेवटच्या सामन्याबद्दल (चित्रपट पाहायचा असेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा). संघ ठरवतो की आता सभ्य हॉकी खेळायची. मार खातात. मध्यंतरात कळते की मोठ्या लीगचे लोक खेळाडू हेरायला आले आहेत; सभ्यपणा तिथेच संपतो. सगळे रक्तबंबाळ होत असताना संघातला एकटा शिकलेला, मारामारीला कायम नकार देणारा ब्रेडन बर्फाच्या मध्यभागी येतो आणि एकेक कपडा उतरवू लागतो. बँड तालावर वाजवू लागतो. आणि इतका वेळ लोकांची तोंडे फोडणारा विरोधी कर्णधार पंचांकडे तक्रार करतो की हा किळसवाणा प्रकार थांबवा! पंच ऐकेना म्हणून तो पंचालाच ठोसा मारतो, आणि त्यापायी सामना आणि चषक दोन्ही घालवून बसतो.

रक्त चालते, उघडे अंग चालत नाही. या प्रसंगाला मी कॉलेजात ‘आचरटपणा’ म्हटले होते. आज त्याच्याइतका नेमका शेवट मला दुसऱ्या क्रीडापटात आठवत नाही. चषक मिळतो, मिरवणूक निघते, पण कारखाना बंद होणार तो होणारच. आपल्या लेखातल्या यादीत एका करंडकाने अख्ख्या गावाचे दैन्य फिटते असे दाखवणारे चित्रपट बरेच आहेत. ‘स्लॅप शॉट’ आला त्याच वर्षी मात्र खरा जेट्स संघ बंद पडला.

लेखकांनी तो पुन्हा एकदा पाहावा, एवढीच विनंती. घरात नातवंडे असतील तर हेडफोन लावून.

आपला,
एक वाचक, परळ