चांदोरचं घर बघा, पण घासाघीस करू नका

मा. संपादक,
स. न.

गोव्याला जाणारी आपली मंडळी बीच, मंगेशी-शांतादुर्गा आणि काजू एवढ्यावरच परत येतात. मडगावपासून १२-१३ किलोमीटरवर चांदोर गाव आहे, कदंब राजांच्या काळातलं चंद्रपूर म्हणजे हेच, तिथलं ब्रागांझा घर, म्हणजे ब्रागांझा कुटुंबाचा पोर्तुगीज काळातला मोठा वाडा, बघायला कोणी फिरकत नाही म्हणून हे पत्र. गावच्या चौकाची अख्खी एक बाजू या एकाच घराने व्यापलीय. कुटुंबाच्या दोन शाखा दोन भागांत राहतात, त्यामुळे दोन्हीकडे वेगळी बेल वाजवायची. घरातलंच कोणीतरी येऊन फिरवून दाखवतं. पूर्वेकडच्या भागात नाचाचा हॉल आहे, संगमरवरी फरशी, झुंबरं, आणि पोर्तुगालच्या राजाने दिलेल्या खुर्च्या!

मला स्वतःला पश्चिमेकडचा भाग जास्त आवडला कारण तिथे लुईश द मिनेझिस ब्रागांझांची लायब्ररी आहे, जवळपास ५,००० पुस्तकं. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेवरून आपण कितीदा जातो पण माणूस कोण ते कोणाला माहीत नसतं. हे पत्रकार होते, १९११ मध्ये त्यांनी 'ओ देबात' हे वर्तमानपत्र काढलं, आणि १९३० मध्ये पोर्तुगीजांच्याच कायदे कौन्सिलात उभं राहून गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असा ठराव मांडला. एवढ्या श्रीमंत घरातला माणूस हे करतो! पुढे १९५० मध्ये कुटुंबाला घर सोडावं लागलं, परतले ते गोवा मुक्त झाल्यावर.

आता मुख्य मुद्दा. तिथे तिकीट नाही, बघून झाल्यावर स्वखुशीने पैसे द्यायचे असतात आणि आपले लोक इथेच तोंड वाकडं करतात. आमच्या आधीच्या ग्रुपमधले "एवढे कशाला, घरच तर आहे" म्हणत होते, तेही मराठीत, ऐकून लाज वाटली. अहो कूळ कायद्यानंतर या घरांच्या जमिनी गेल्या, उत्पन्न गेलं, आणि छप्पर, लाकूड, वाळवी, गोव्याचा पाऊस हे सगळं अजून आहेच ना. शॅकवर माशाच्या एका थाळीला किती देतो आपण? दोन्ही भागांत वेगवेगळे पैसे द्यावे लागतात हेही खरंय, ते धरूनच जा.

सरकारने रस्त्यावर मराठी-कोंकणीत धड पाट्या लावल्या तरी पुष्कळ होईल. आणि एक विनंती, त्या राजाच्या खुर्च्यांवर बसू नका. एक काका फोटोसाठी बसायलाच निघाले होते, घरच्या बाईंनी वेळेवर अडवलं.

– एक वाचक, पुणे