भूक मोजताना कामाची पाळीही विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागात मोफत आरोग्य तपासणी शिबिर झाले. माझे यजमान यंत्रमागावर टॉवेल विणतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. काट्यावर वजन ८४ किलो भरले. मागे वीस-पंचवीस माणसांची रांग होती आणि टेबलापलीकडून मोठ्याने आवाज आला, "काका, जिभेवर ताबा ठेवा जरा." रांगेतले लोक हसले. यजमान काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवलेच नाहीत. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी अशोक चौकाजवळ भाकरी केंद्र चालवते. माझे बरेच गिऱ्हाईक मागावरचे. रात्रपाळीच्या आठवड्यात तोच माणूस दोन भाकरी जास्त नेतो, आणि पहाटे कारखान्याबाहेर चहा, खारी, भजी होतातच. दिवसपाळी आली की त्याची भूक आपोआप खाली येते. एकाच माणसाचा जिभेवरचा ताबा दर आठवड्याला कसा बदलेल?

माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिने मला पुस्तक उघडून दाखवले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो, भुकेचा हिशेब तिथे चालतो. पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक सुटते आणि मेंदूला सांगते, खायला हवे. ते १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी शोधले. अंगावरच्या चरबीतून लेप्टिन येते, ते सांगते की साठा पुरेसा आहे. ते १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले.

शिकागोमध्ये बारा निरोगी तरुणांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन रात्री चारच तास झोपायला दिल्यावर त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि ओढ वाढली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मला पहाटेची ती भजी आठवली. यजमान सकाळी आठला घरी येतात. पत्र्याचे घर, शेजारी मागांचा खडखडाट, सोलापूरचा उन्हाळा. चार तास झोप लागली तरी नशीब.

जेवायला वेळ किती मिळतो तेही सांगते. पोट भरू लागले की जठर ताणले जाते आणि व्हेगस मज्जातंतूतून मेंदूला खबर जाते. आतड्यातूनही संप्रेरके सुटतात. त्यातलेच एक जीएलपी-१; वजन कमी करण्याची जी महागडी इंजेक्शने सध्या गाजताहेत, ती याचीच नक्कल करतात. "पुरे" हा निरोप नीट पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मागावर धागा तुटला की उठावे लागते, डबा दहा मिनिटांत संपतो. घरी शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी खाताना मात्र दात थकतात, वेळ जातो, आणि हेच यजमान दीड भाकरीवर हात धुतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी रात्रीचे जेवण सोडून सहा किलो उतरवले होते. पुढच्या सहा महिन्यांत सगळे परत आले आणि त्यांनी स्वतःलाच दोष दिला. चरबी घटली की लेप्टिनही घटते, मेंदू भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आखडतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

वजन वाढलेले चांगले, असे मी म्हणत नाही. साखर आणि रक्तदाबाची भीती मलाही आहे, म्हणूनच मी त्यांना त्या रांगेत उभे केले होते. शिबिरे भरवणाऱ्यांकडे माझी मागणी आहे: काटा पडद्यामागे ठेवा, आकडा फक्त त्या माणसालाच सांगा, आणि केसपेपरवर वजनाशेजारी दोन रकाने वाढवा, पाळी कोणती आणि झोप किती तास. पुढच्या शिबिराला यजमान येणार नाहीत म्हणतात. हे दोन रकाने छापले तर तो कागद दाखवून मी त्यांना घेऊन येईन.

आपली,
एक भाकरी केंद्रचालक, सोलापूर