दोष केवळ बचावफळीचा नव्हे

महोदय,
निसटत्या पराभवाचे खापर बचावफळीवर फोडण्याची रीत मला अन्यायकारक वाटते. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून ०-१ असा हरलेला अर्जेंटिनाचा संघ आठवावा. अंतिम सामन्याआधीच्या बाद फेरीतील तिन्ही सामन्यांत त्याच्या बचावफळीने एकही गोल होऊ दिला नव्हता. अंतिम सामन्यात ११३व्या मिनिटाला जर्मनीच्या शुर्लेचा डावीकडून आलेला क्रॉस त्याचाच सहकारी गोट्झेने छातीवर घेऊन जाळ्यात धाडला, तेव्हा मात्र ती गाफील राहिली, हे मान्यच. पण २१व्या मिनिटाला जर्मनीच्या क्रूसच्या चुकीच्या हेडरमुळे समोर एकटा गोलरक्षक उरला असताना अर्जेंटिनाच्या हिग्वाईनने चेंडू घाईने बाहेर मारला, त्याचे काय? बाद फेरीच्या चार सामन्यांपैकी तीन जादा वेळेत जाऊनही ज्या आक्रमणाने दोनच गोल केले, त्याची झाडाझडती आधी व्हायला हवी होती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक