आम्लाच्या बाटलीचे लेबल माझ्याकडे फिरवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत आपण परिचर होतात आणि मी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. मला शिकवणे हे आपले काम नव्हते आणि तशी कोणी अपेक्षाही केली नव्हती. तरीही द्रावणांच्या संहतीचे, म्हणजे द्रावणात पदार्थ किती विरघळला आहे याचे, गणित मला उमगले ते आपल्यामुळेच. हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण ज्यांनी हाच विषय शिकवण्याचे पैसे घेतले त्यांचे फोटो निकालाच्या फलकांवर झळकले आणि आपले नाव मात्र कुठेच आले नाही.

क्लासमध्ये आम्हाला एक सूत्र दिले होते: दहा, घनता आणि टक्केवारी यांचा गुणाकार करावा, त्याला रेणुभाराने भागावे, की मोलॅरिटी, म्हणजे एक लिटर द्रावणातले पदार्थाचे मोल, मिळते; रेणुभाराइतके ग्रॅम म्हणजे एक मोल. यातला दहा कुठून आला, असे विचारल्यावर ‘तो घालायचाच असतो’ एवढेच उत्तर मिळाले, आणि पुन्हा विचारल्यावर माझ्या प्रश्नावर वर्गात हशा पिकवण्यात आला. सूत्र पाठ होते, त्यामुळे गुण मिळत गेले. पण मोलॅरिटी देऊन टक्केवारी विचारली, किंवा घनता दर घनमीटरला किलोग्रॅममध्ये दिली, की त्या पाठांतराचा काहीच उपयोग होत नसे.

तीव्र सल्फ्युरिक आम्लापासून एक मोलर द्रावण करायचे होते, त्या दुपारी मी वही घेऊन ओट्याशी उभी होते. आपण काही विचारले नाहीत. मांडणीवरची बाटली उतरवून माझ्यापुढे ठेवलीत आणि तिचे लेबल माझ्या बाजूला फिरवलेत. त्यावर 98 टक्के, घनता दर मिलिलिटरला 1.84 ग्रॅम आणि रेणुभार 98.08 असे छापलेले होते. “ताई, यातलं एक लिटर घेतलं असं धरा. वजन किती भरेल?” एवढे विचारून आपण पाठ केलीत आणि बीकर विसळत राहिलात, म्हणजे मी बोटांवर आकडे मोजत असताना माझ्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

एका लिटरचे वजन 1840 ग्रॅम, त्यातले आम्ल 98 टक्के म्हणजे सुमारे 1803 ग्रॅम, आणि त्याला रेणुभाराने भागले की 18.4 मोल. लिटरमधल्या हजार मिलिलिटरला टक्केवारीच्या शंभराने भागले की तो गूढ दहा हाती येतो, हे मला त्या वेळी प्रथमच दिसले. पुढचे सारे ओघानेच आले: एक लिटर एक मोलर द्रावणासाठी सुमारे 54 मिलिलिटर आम्ल लागते, आणि या आम्लाचा एक रेणू दोन प्रोटॉन देत असल्यामुळे तेच द्रावण दोन नॉर्मल असते, म्हणजे त्याचे एक लिटर दोन मोल प्रोटॉन देऊ शकते. आम्ल पाण्यात सावकाश ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही, हे आपण बजावलेत. आणि द्रावण गार झाल्याशिवाय चंबूच्या खुणेपर्यंत पाणी भरू दिले नाहीत, कारण गरम द्रावण फुगलेले असते आणि गार झाल्यावर त्याचे आकारमान कमी भरते.

आज मी पाण्याचे नमुने तपासण्याचे काम करते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मर्यादा दर लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, पण काही अहवालांत तोच घटक ‘नायट्रोजन म्हणून’ दिलेला असतो. अशा अहवालातला 12 हा आकडा वरवर निर्धास्त करणारा वाटतो. प्रत्यक्षात नायट्रेटच्या 62 या भाराला त्यातल्या नायट्रोजनच्या 14 ने भागून येणाऱ्या 4.43 ने त्याला गुणले, की नायट्रेट 53 मिलिग्रॅम निघते आणि ते पाणी मर्यादेबाहेर जाते. आकड्यासमोर कशाचे वजन आणि कशाच्या किती भागात, हे आधी वाचायची सवय मला त्या लेबलापासून लागली आहे. पाण्याच्या बाबतीत पीपीएम (वजनाच्या दहा लाख भागांत किती भाग) आणि दर लिटरला मिलिग्रॅम हे एकच मानून चालते, कारण एका लिटरचे वजन जवळपास एक किलो असते. त्या आम्लाच्या बाटलीला हा हिशेब लावता येणार नाही, हेही मला कोणी वेगळे सांगावे लागले नाही.

विद्वत्ता असलेली माणसे मला नंतर पुष्कळ भेटली. समोरच्याला न समजल्याची लाज वाटू न देता त्याला समजेपर्यंत थांबणारी फार थोडी भेटली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दारावर नावाची पाटी नव्हती. शिक्षकांच्या पात्रतेच्या याद्यांत हा गुण कुठे लिहिलेला असतो, ते मला अजून आढळलेले नाही.

तास संपल्यामुळे त्या दिवशी मोलॅलिटीचे राहून गेले होते. ते मी पुढे स्वतः केले, मामा. शंभर ग्रॅम आम्लात पाणी अवघे दोन ग्रॅम, आणि मोलॅलिटी, म्हणजे पदार्थाचे मोल, किलोभर द्रावकामागे (इथे पाण्यामागे) मोजायची. म्हणून ज्या बाटलीची मोलॅरिटी 18.4, तिचीच मोलॅलिटी 500 च्या घरात जाते. हे उत्तर आपल्याला दाखवायचे होते.

आपली कृतज्ञ,
एक माजी विद्यार्थिनी