सूचना: शनिवारपासून फासे सगळ्यांसमोर

मंडळी, येत्या शनिवारी आपला रोल-प्लेइंग खेळ (प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) पाचऐवजी साडेचारला सुरू होईल. जागा नेहमीचीच. सुरुवातीला फाशांबद्दल बोलायचंय, म्हणून उशीर नको.

एका सदस्याच्या फाशांबद्दल कुजबुज चालू आहे. ग्रुपवर कुणीही नाव घेऊ नये. गेम मास्टर (खेळ चालवणारी व्यक्ती) म्हणून मी त्यांच्याशी आधी एकट्यानं बोलणार आहे. वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ दोनदा वीस पडण्याची शक्यता 400 मध्ये 1. पण एका बैठकीत आपण सगळे मिळून इतके फासे टाकतो, की कधीतरी ते घडणारच. नशीब जोरावर असणं हा गुन्हा नाही. टाकल्या टाकल्या फासा उचलणं मात्र यापुढे चालणार नाही.

- फासा मधल्या ट्रेमध्येच टाका. बाहेर पडला किंवा तिरका अडकला, तर पुन्हा.
- शेजाऱ्यानं आकडा वाचेपर्यंत फाशाला हात नको.
- बेरीज मोठ्यानं करा: ‘चौदा, अधिक पाच, एकोणीस.’
- कॅरेक्टर शीटची (आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदाची) एक प्रत माझ्याकडे द्या. हिट पॉइंट (पात्राचा किती जीव उरलाय तो आकडा) गुपचूप खोडायचे नाहीत.

फाशावरच शंका असेल, तर तो दाट मिठाच्या पाण्यात तरंगवून बघू. बोटानं फिरवल्यावर दर वेळी तोच आकडा वर आला, तर फासा एका बाजूला जड आहे. (धातूचा बुडतो, तो आणू नका.)

लढाईत माझेही फासे उघड्यावर पडतील. लपलेल्या सापळ्यांचे तेवढे पडद्यामागे.

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.